धोट्याशिवाय माग

बोरीवलीच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या सुलक्षणाबाईंच्या शेजारीच, कापडगिरणीच्या संपापासून घरी असलेले गुणाजी आणि त्यांची बायको प्रेमा यांची जुंपली होती.

“व्हिटॅमिनच्या गोळ्या कोनाड्यात लपवल्यात ना?” प्रेमानं विचारलं.

“एवढीशी पिवळी गोळी! तिच्यात कसली आलीये ताकद?”

“ताकद जेवणातच असते हो. ती काढणारी एन्झाइमं अंगात आहेत; पण ही गोळी जोडीला नसली, तर ती हाताची घडी घालून बसतात. डॉक्टरच म्हणाले.”

“मग एन्झाइमच मोठं!”

“तुमचा माग केवढा मोठा! आडवा धागा नेणाऱ्या एवढ्याशा धोट्याशिवाय वीतभर तरी कापड विणायचा?”

“माग तो मागच. धोट्याचं कसलं कौतुक?”

“गुणाजी!” कंपाउंडरनं हाक मारली.

गुणाजी ऐटीत उठले आणि दारापाशी थबकले.

“चल ना गं. मला काय होतंय, ते तुलाच सांगता येतं.”