जिवंतांची यादी

याश शहरात बेकरीच्या रांगेत माझ्यापुढे दोन प्रोग्रामर उभे होते, सोरिना आणि लिव्यू.

"चर्चचं ॲप बंद का रे, लिव्यू?"

"प्रार्थनेसाठी लोक जिवंतांची आणि मृतांची नावं भरतात. मी दोन्ही याद्या एकाच जागी साठवल्या. पान बदललं की नावांची अदलाबदल."

"अरे देवा! कुणाला कळलं?"

"रविवारी फादरनी पारास्किवा मावशीच्या आत्म्यासाठी शांती मागितली. मावशी समोरच उभी."

"काय म्हणाली?"

"'आमेन.' मग बाहेर येऊन माझा कान पिळला."

"केलंस का दुरुस्त?"

"केलं. फक्त मावशीचे यजमान, आमचे काका, जिवंतांच्या यादीत राहिलेत."

"त्यांना जाऊन सहा वर्षं झाली की!"

"फादरनी त्यांच्या तब्येतीसाठी प्रार्थना केली. मावशी म्हणते, तेवढं राहू दे."