पदक फोटोखालीच लावा

वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले, मग प्रमाणपत्र भिंतीवर मिरवायला नको? ऐटीत फ्रेमवाल्याकडे गेले, तर माझ्यापुढे एक बाई आणि कुबडीवर रेललेला एक जवान. काउंटरवर बाईंच्या लेफ्टनंट मुलाचा हार घातलेला फोटो, शेजारी त्याचं शौर्यपदक.

"ताई, पदक फोटोवर गळ्याशी लावू की खाली?"

"फोटोखालीच लावा, भाऊ. गळ्याशी काही आलेलं त्याला खपायचं नाही. साधा स्वेटर घालायचा तरी महाभारत!"

"आई, तो स्वेटर साहेबांनी मला दिला," जवान म्हणाला.

"म्हणजे मी विणला तुझ्यासाठी होय रे, लबाडा!"

"कोपरावर उसवलाय."

"आण, नीट करून देते. पण आज खरं सांग. टेकडीवरून तुम्ही सगळे उतरलात. मग तो एकटाच वर कसा राहिला?"

"गोळीबार थांबत नव्हता, आई. माझा पाय गेलेला. साहेब म्हणाले, याला उचला आणि निघा, मशीनगन मी सांभाळतो."

"आणि तुम्ही त्याला सोडून निघालात?"

"कुणीच हलेना. तेव्हा हसले आणि म्हणाले, 'व्हा रे पुढे, मी आलोच.'"

"काय म्हणाला?"

"'मी आलोच.'"

"अरे, जेवायला हाक मारली की हेच म्हणायचा! ताट गार व्हायचं, मी ओरडून दमायचे, पण एकदा म्हणून आला नाही. आणि तुम्ही एवढे सगळे... तुम्हाला ते खरं वाटलं?"

"आम्हाला कुठं माहीत होतं, आई?"