निकोबारी कबुतर

कोलकात्यात, बालीगंजला डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. मागच्या बाकावरून मराठी ऐकू आलं.

"बाबा, तुमच्या वहीत निकोबारी कबुतर लिहू?"

"नको. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलाच पक्षी लिहायचा, चाळीस वर्षांचा नियम आहे. आपण गेलो होतो त्या बेटावर कबुतर आलंच नाही."

"आलं होतं. तुम्ही दुर्बीण लावून बसला होतात तेव्हा, समोरच्याच फांदीवर."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आवाजानं उडालं असतं. मी बोट दाखवत होते, बाबा. तीनदा."

"हिरवं होतं का गं, आभा?"

"हिरवंगार. शेपटी पांढरीशुभ्र."

"लिही. तुझ्या नावानं लिही. आणि आत गेल्यावर डॉक्टरांनाही हे सांग. मी त्यांना सगळं दिसतं म्हणून सांगत आलोय."