हत्तीच्या कपाळाचा दावा

हत्ती फितवणं सोपं वाटतं ना? मग तुम्ही तमिळनाडूत कुंभकोणमला राहिलेले नाहीत.

नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत कॉम्प्युटर सेंटर निघालं. देशिकन आणि पट्टाभि हे माझे दोन वकील मित्र तिथं प्राचीन राजांच्या लढाईचा गेम समोरासमोर खेळायचे. दोघेही अय्यंगार, म्हणजे विष्णुभक्त ब्राह्मण, पण एका पंथाचं कपाळावरचं गंध इंग्रजी यूसारखं, दुसऱ्याचं वायसारखं, आणि त्यावरून घराण्यांत पिढीजात वैर. एकदा पैज लागली: हरेल त्यानं दुसऱ्याचं गंध लावून भर बाजारातून घरी जायचं. मी मराठी, म्हणून पंच.

देशिकनचे हत्ती पट्टाभिच्या राजवाड्याला भिडले. पट्टाभिनं एक इजिप्तचा पुजारी पुढं केला. पुजाऱ्यानं काठी हलवून मंत्र म्हटला, आणि हत्ती रंग बदलून पट्टाभिचे झाले!

"ओय्, हा इतिहासच खोटा आहे!" देशिकन ओरडला.

"इजिप्तकडे हत्ती नव्हते म्हणून?" मी विचारलं.

"हत्ती असू देत हो! पण पुजाऱ्यानं सांगितलं आणि हत्तीनं लगेच पंथ बदलला? आपल्या देवळातल्या हत्तीच्या कपाळावर यू काढायचा की वाय, हा दावा माझ्या आजोबांनी लावलाय. तीन हत्ती मेले, निकाल नाही!"

पट्टाभि विचारात पडला. समोरच्या पक्षाचे वकील त्याचे आजोबा होते.

"मुद्दा कायद्याला धरून आहे," तो म्हणाला.

"मग स्टे!" म्हणत देशिकननं गेम थांबवायचं बटण दाबलं.

तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. पण कोण हरलं असं विचारा, दोघेही गंभीरपणे सांगतात, "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे."