प्रदर्शनातले घड्याळ

नेत्रचिकित्सालयाच्या प्रतीक्षागृहात निवृत्त मुख्याध्यापिका डोळ्यांत औषध घालून, पापण्या मिटून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर भाऊबहीण बोलत होते. त्यांचे वृद्ध वडील, व्यवसायाने घड्याळजी, आत शस्त्रक्रियेची पट्टी सोडवून घेत होते.

“इथून बाबांना थेट प्रदर्शनात नेऊ. त्यांचं घड्याळ तिथं मांडलेलं मीही अजून पाहिलं नाही.”

“ताई, प्रदर्शन भरलंच नाही.”

“काय बोलतोस तू?”

“महापालिकेनं वर्षापूर्वीच रद्द केलं. घड्याळ गोदामात पडलंय, खोक्याचे खिळेसुद्धा कुणी काढले नाहीत.”

“अरे, बाबा जाऊन आले असं तूच कळवलं होतंस ना?”

“त्या घड्याळापायी डोळे गेले त्यांचे. कुठल्या तोंडानं सांगणार? दिसत तर नव्हतंच. स्टेशनच्या गर्दीत नेलं आणि म्हटलं, हेच प्रदर्शन.”

“धन्य आहेस रे. आणि त्यांना पटलं?”

“पटलं म्हणजे? तिथल्या घड्याळाचे बारा टोले हात जोडून ऐकले. म्हणाले, आपलं घड्याळ सुरेख वाजतंय.”

बहीण त्याच्याकडे वळली.

“दुकानात कधी पाऊल टाकलं असतंस, तर कळलं असतं. त्यांच्या घड्याळाला टोलाच नाही रे. प्रदर्शनातल्या व्याख्यानांत व्यत्यय नको, म्हणून त्यांनी बसवलाच नव्हता.”

मुख्याध्यापिकांच्या मिटलेल्या पापण्या आपोआप उघडल्या. समोर धूसर प्रकाशात घड्याळजी दाराची चौकट धरून उभे होते.

“बाबा... आता कुठं जायचं?” भाऊ उठत म्हणाला.

“घरी. प्रदर्शन पाहिलंय मी, बाळा. तू दाखवलंस ना.”