अठ्ठ्याऐंशी डबे आणि एक ओळ

वहिनी: …आणि मी म्हणते, एका ओळीसाठी माणसाने किती विनवण्या करायच्या?

भाऊजी: विनवण्या करूच नका, वहिनी. हाताने करू. नव्या कॉम्प्युटरचे निम्मे डबे मी करतो, निम्मे तुम्ही.

वहिनी: अठ्ठ्याऐंशी आहेत. प्रत्येकाला कीबोर्ड जोडा, सेटिंगमध्ये शिरा, सर्व्हरचा पत्ता टाइप करा, ठिपके मोजा. एकाला सहा मिनिटं धरली तरी नऊ तास झाले. आणि सोमवारी सकाळी आठला या नव्या इमारतीत पेशंट येऊन उभे राहणार.

भाऊजी: आज शनिवार. उद्याचा अख्खा रविवार पडलाय.

वहिनी: आणि पुढच्या वर्षी सर्व्हर बदलला की? परत अठ्ठ्याऐंशी? तेव्हा पाठ कोणाची वापरायची, तुमची?

भाऊजी: घरात तुमचा शब्द मी कधी मोडलाय का?

वहिनी: घरात खुशाल मोडा. इथे मी कॉम्प्युटर विभाग बघते आणि नेटवर्कच्या किल्ल्या तुमच्याकडे आहेत. इथे ऐका.

सिस्टर: येते हं आत. भांडण घरचं आहे की हॉस्पिटलचं? हॉस्पिटलचं असेल तर बसते. मला सोमवारी नोंदणीच्या सहा खिडक्या चालू हव्यात, आणि टेबलावर नुसते काळे डबे ठेवलेत. त्यांच्यात काही आहे तरी का?

वहिनी: काहीच नाही, सिस्टर. तीच तर गंमत आहे. डबा स्वस्त, डोकं सगळं आमच्या मधल्या सर्व्हरमध्ये. फक्त तो सर्व्हर कुठे आहे, हे डब्याला कोणीतरी सांगावं लागतं.

सिस्टर: मग सांगा की.

वहिनी: तेच चाललंय. डबा चालू झाला की आधी नेटवर्कला विचारतो, मला इथे राहायला पत्ता द्या. हे पत्ते वाटायचं काम डीएचसीपी नावाचा सर्व्हर करतो, आणि तो आपल्या भाऊजींच्या ताब्यात. मी म्हणते, पत्ता देताना त्याच चिठ्ठीत एक ओळ जास्त लिहा, की कामाचा सर्व्हर अमुक ठिकाणी आहे. डबा आपला आपण जाईल.

सिस्टर: म्हणजे केसपेपरसारखं. खिडकीवर केसपेपर काढला की त्यावरच लिहून देतो आम्ही, खोली नंबर नऊ. पेशंटचा हात धरून कोणी नेत नाही.

वहिनी: घ्या. सिस्टरना कळलं.

सिस्टर: मग अडलंय कुठे?

भाऊजी: त्या सर्व्हरला मी अकरा वर्षं हात लावलेला नाही. चालतंय ते चालू द्यावं.

सिस्टर: अकरा वर्षं हात न लावता मी तर इंजेक्शनचा ट्रेही सोडला नसता. बरं, ठरलं की हाक मारा. खाली पडदेवाला आलाय, तो उलटे लावून ठेवेल.

वहिनी: गेल्या त्या. आता खरं बोलू का? तुम्ही कशाला घाबरता ते मला माहीत आहे.

भाऊजी: नाही माहीत.

वहिनी: मी तेव्हा इथे नव्हते, पण घरात होते ना. तुमच्या दादांनी त्याच सर्व्हरमध्ये गेटवेचा, म्हणजे नेटवर्कबाहेर जायच्या दाराचा, चुकीचा पत्ता टाकला. तोही सगळ्या हॉस्पिटलसाठी. दोन तास सगळं ठप्प. रक्ताचे रिपोर्ट कागदावर लिहून जिन्यावरून पळवत नेत होते म्हणे. संध्याकाळी यांचा राजीनामा. पण ती त्यांची चूक होती, भाऊजी. तुम्ही का आयुष्यभर दबून राहता? मी फक्त नव्या इमारतीपुरतं मागतेय. तिच्या पत्त्यांचा गट वेगळा आहे. जुन्या इमारतीला धक्कासुद्धा लागणार नाही.

भाऊजी: दादाने नव्हता टाकला.

वहिनी: म्हणजे?

भाऊजी: तो पत्ता मी टाकला होता. दादा खाली गेला होता, त्याचं लॉगिन उघडं होतं. मला वाटलं, तो येईपर्यंत करून टाकू, शाबासकी मिळेल. जे एका मजल्यासाठी होतं ते सगळ्यांसाठी टाकलं. साहेब वर आले, मी तोंड उघडणार तेवढ्यात दादा म्हणाला, माझ्याकडून झालं. माझं कायम व्हायचं पत्र आठवड्यावर आलं होतं.



वहिनी: घरात दूध उतू गेलं ना, की मी त्यांना म्हणते, अख्खं हॉस्पिटल बंद पाडलंत, तिथे दुधाचं काय. पाहुण्यांसमोर म्हणते. लोक हसतात. तेही हसतात.

भाऊजी: ऐकलंय मी. म्हणूनच येणं कमी केलं.

वहिनी: मला वाटायचं, माझ्या हातचं तुमच्या घशाखाली उतरत नाही.

भाऊजी: तेही थोडंफार आहे.

वहिनी: गप्प बसा. हसवू नका मला. मी चिडलेय.

भाऊजी: चिडा. मी कितीदा सांगायला आलो होतो. दर वेळी दादा दारातच विषय बदलायचा.

वहिनी: चिडायचं कधी ते मी ठरवीन. सोमवारनंतर. आत्ता खुर्ची ओढा आणि बसा.

भाऊजी: माझ्याच्याने नाही व्हायचं, वहिनी. बघा, हात कसे गार पडलेत.

वहिनी: गार हातांनी टाइप होतं. मी शेजारी उभी आहे. तेव्हा तुम्ही एकटे होतात आणि घाईत होतात. आज दोघं आहोत आणि दुपारचे दोनच वाजलेत. आधी आहे त्या सेटिंगची प्रत काढा. काढली?

भाऊजी: काढली.

वहिनी: आता कुठल्या गटात आहात? नाव वाचा. मनात नको, मोठ्याने.

भाऊजी: नवी इमारत, सगळे मजले.

वहिनी: परत वाचा.

भाऊजी: नवी इमारत, सगळे मजले. जुनी यात नाही.

वहिनी: टाका ओळ. आता पत्ता एकेक आकडा वाचा, मी कागदावरून ताडून बघते… बरोबर. बरोबर. शेवटचा?

भाऊजी: चाळीस.

वहिनी: चाळीसच. दाबा.

भाऊजी: तुम्ही दाबता का?

वहिनी: नाही. हे बटण तुमचंच आहे.

भाऊजी: …दाबलं.

वहिनी: सिस्टर! सिस्टर, वर या. आणि येताना नोंदणीच्या खिडक्यांचे डबे चालू करून या.

सिस्टर: केले, सहाही केले. जिन्याकडे वळेपर्यंत त्यातल्या पहिल्यावर आपल्या हॉस्पिटलचं नावसुद्धा आलं. मी काही टाइप केलं नाही हं, आधीच सांगते.

वहिनी: हे बघा, माझ्या स्क्रीनवर नव्या डब्यांची रांग लागली. एक, दोन… सहा. मंजुरीसाठी थांबलेत बिचारे. देते मंजुरी.

भाऊजी: सिस्टर, आधी जुन्या इमारतीत फोन लावा. लॅबला. सगळं चालू आहे का विचारा.

सिस्टर: थांबा… हॅलो, लॅब? रिपोर्ट दिसतायत का तुम्हाला? बरं, बरं. चालू आहे म्हणतात. शनिवारी दुपारी असं विचारायला फोन करतात का, असंही म्हणतात.

भाऊजी: अजून एकदा विचाराल?

सिस्टर: फोन ठेवला त्यांनी. तुम्ही पाणी प्या आधी. पोरींना सांगते, मजल्यामजल्याने बटणं दाबत सुटा.

वहिनी: पंचवीस… एकेचाळीस… बघताय ना, भाऊजी? एका जागी बसून. साठ. ब्याऐंशी. सत्त्याऐंशी.

भाऊजी: एक कमी आहे.

वहिनी: खोली नंबर बारा.

सिस्टर: बारा माझी खोली. काल मी टेबल सरकवलं तेव्हा एक निळी वायर सुटून कपाटामागे गेली होती. म्हटलं, असेल कशाची तरी.

भाऊजी: मी जातो. चला सिस्टर, कपाट दाखवा.

वहिनी: जा. मला एक फोन करायचाय… अहो, मी बोलतेय. दुकानात गर्दी आहे का?

दादा: एक शिलाई मशीन उघडून बसलोय. सुई अडकते म्हणून आणलं, आतून निघालं अर्धा किलो दोऱ्याचं जाळं. बोल.

वहिनी: ते हॉस्पिटलचं… अकरा वर्षांपूर्वीचं. तुम्ही केलंच नव्हतं म्हणे.

दादा: त्याने सांगितलं?

वहिनी: हो. आणि मी इतकी वर्षं येताजाता तुम्हाला बोलत राहिले. एकदा तरी मला गप्प करायचंत.

दादा: तुला सांगितलं असतं तर तू त्याला बोलली असतीस. माझी पाठ जरा रुंद आहे.

वहिनी: चुकलं माझं.

दादा: बरं. डबे चालू झाले का?

वहिनी: सगळे. शेवटचा आत्ताच रांगेत आला. ओळ त्यानेच टाकली.

दादा: त्यानेच? वा. त्याला सांग, मला ते काम तसंही फारसं आवडत नव्हतं.

वहिनी: खरंच नव्हतं आवडत?

दादा: खूप आवडायचं. पण त्याला तसंच सांग.