न्यायाधीश झालेल्या मुलीचं लग्न

संस्थेचे अध्यक्ष आदरणीय चन्नबसप्पा आप्पा, मुख्याध्यापक आदिनाथ सर, आजच्या सत्कारमूर्ती अॅडव्होकेट फरीदा मोहियोद्दीन मॅडम, पालकवर्ग, आणि सतरंजीवर बसलेल्या माझ्या बालमित्रांनो,

मी वीरण्णा पंचाक्षरी. अहमदपूरच्या कोर्टाबाहेर माझं टाइपिंगचं टेबल आहे. कॉलेज मी बाहेरूनच पाहिलं. कायदा टाइप करता करता शिकलो. माझ्या कागदात खाडाखोड दाखवा, असं मी आजही म्हणतो. त्र्याण्णवच्या भूकंपात आई-बाप गेलेल्या लेकरांची कामं घेऊन मॅडम माझ्याकडं यायच्या. एकदा म्हणाल्या, "पंचाक्षरी, या लेकरांना आपला हक्कच ठाऊक नाही. शाळेत जाऊन सांगू या का?" तिथून आमची कायदा शिबिरं सुरू झाली.

शिबिर म्हणजे काय हो? हार, नारळ, पाहुण्यांची भाषणं, आणि उरलेल्या वेळात मुलांचं अभिरूप न्यायालय. सर मागून खुणावायचे, "आटपा, पोरांचे क्लास आहेत." सर हसतायत, पण खरंय ना? हुशार पोरं लातूरला ट्यूशनला गेलेली, राहिलेली जायच्या तयारीत. कायदा ऐकायला सवड कुणाला?

दोन वर्षांमागं याच सभागृहात बालविवाहाचा खटला बसवला होता. न्यायाधीश नववीतली एक मुलगी. नाव घेत नाही. तिला सासरी नांदायचंय. भूकंपानंतर आजोबांनीच वाढवलेली. अंगात मॅडमचा काळा कोट, बाह्या दुमडलेल्या. निकाल मी लिहून दिला होता, तिनं तो कागदाकडं न बघता दिला. "अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे. हे लग्न थांबवण्यात यावं." काय ती हिंमत! टाळ्या थांबेनात.

पुढच्याच महिन्यात आजोबा मॅडमना लग्नाचं आवतन द्यायला आले. मी तिथंच होतो.

"वकीलबाई, पोरीनं निकाल लई झ्याक दिला बघा. हदगावकडचे पाव्हणे मागंच बसल्ते. तितंच पसंत केली. म्हनले, पोरगी धीट हाय."

"आजोबा, पण निकाल काय होता?" मॅडम म्हणाल्या. "तिला शिकू द्या. लातूरला पाठवा."

"लातूरला खोली करून एकलीला ठिवू? हिच्या मायबापाला मातीतून काढलं तवा हातात जोर होता, बाई. आता न्हाई. माझ्या माघारी हिला कोन?"

मंडळी, या माणसाला गुन्हेगार म्हणायला जीभ रेटते का? आणि न म्हणावं, तर मग आम्ही शिबिरात शिकवलं काय?

मनाईहुकुमाचा अर्ज मी तयार केला. तो घेऊन आम्ही मुलीला शाळेत भेटलो. तिनं तो उभ्या उभ्या वाचला आणि विचारलं, "मॅडम, आजोबाला पोलिसांनी नेलं तर मी रात्री कुणाकडं झोपू?"

कायद्यानं तिची सही लागत नव्हती. मॅडमची पुरली असती. मॅडमनी अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला. लग्न झालं. कुणी मॅडमना भित्र्या म्हणालं, कुणी शहाण्या. त्यांनी आजवर उत्तर दिलेलं नाही. आज मीही देत नाही.

आता मॅडम नांदेडला वकिलीसाठी चालल्यात. मागच्या महिन्यात घर बघायला आम्ही दोघं गेलो आणि तसेच पुढं हदगावकडं, तिला भेटायला. सासरच्यांनी मोठा मान केला. "आमच्या सूनबाईच्या वकीलबाई आल्या!" ती पदर सावरत चहा घेऊन आली.

"बरी आहेस ना ग?"

तिनं सासूकडं बघितलं. "मॅडम, साखर कमी झाली का?"

एवढंच बोलली.

 परतताना नांदेडच्या स्टँडवर उतरल्यावर मॅडम म्हणाल्या, "पंचाक्षरी, पाहिलेलं घर नको. एक खोली जास्तीची असलेलं बघा. पोरींना झोपायला."

तसं घर मी शोधून दिलं. मुलींनो, त्या घराचा पत्ता आज मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलाय. लिहून घ्या. कुणालाही त्याची कधी गरज पडू नये असंच मला वाटतं, आणि पडली तर तुम्हाला तिथवर कोण येऊ देईल, हे मला ठाऊक नाही.

मॅडम, अहमदपूर तुमचं ऋणी आहे. आप्पांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. कुणाच्या घरचं बोलून गेलो असेन, मानपानात चुकलो असेन, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. मी बसतो. मुलींचं लिहून होईपर्यंत फळा कुणी पुसू नका.